लाहोरचे पत्र, सुरतेचा तह

कोपरगावात नदीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. इथे ती गंगा. वर नांदूरमधमेश्वरातून पाणी सुटले की "गंगेला पाणी आलं" म्हणत लोक पुलाच्या कठड्याशी उभे राहतात. याच गंगेच्या आश्रयाने राघोबादादांनी इथे वाडा बांधला. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या रात्रंदिवस गावावरून जातात, वाड्यापाशी मात्र क्वचितच कुणी थांबते. रघुनाथ बाजीराव भट, पहिल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव, ११ डिसेंबर १७८३ रोजी याच गावात वारले. वय एकोणपन्नास.

या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच वाक्ये चालतात. एक, दादांनी अटकेपार झेंडे लावले. दुसरे, 'ध'चा 'मा' झाला आणि नारायणराव मारला गेला. पहिल्या वाक्याने छाती फुगते, दुसऱ्याने मान खाली जाते. शाळेत दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळे ती एकाच माणसाची आहेत हे मुलांच्या ध्यानात राहत नाही. मला या दोन्हींहून मोठी वाटणारी गोष्ट तिसरीच आहे. ती लाहोरहून लिहिलेल्या एका पत्रात आणि सुरतेत झालेल्या एका तहात आहे. ती नीट समजून घ्यायला मला कोपरगावातून थेट मेक्सिकोपर्यंत जावे लागले.

आधी पत्र. १७५८च्या एप्रिलमध्ये मराठी फौज लाहोरात शिरली तेव्हा दादा तेवीस वर्षांचे होते. अफगाण बादशहा अब्दालीचा मुलगा तैमूर आणि सेनापती जहानखान पळाले होते. दादांचा मुक्काम लाहोरात होता. पुढे अटकेच्या रोखाने गेली ती सरदारांची पथके. ४ मे १७५८ रोजी दादांनी थोरल्या बंधूंना, नानासाहेब पेशव्यांना, लाहोरहून पत्र पाठवले. त्यात कंदाहारपर्यंत जाण्याचा मनसुबा आहे. पण पुढचा भाग वाचताना मी थबकलो. अब्दालीचा एक पुतण्या आश्रयासाठी आपल्याकडे आला होता. त्याला हाताशी धरावे, थोडी फौज देऊन अटकेपलीकडे उभे करावे, काबूल-पेशावरच्या मुलखावर त्याचा हक्क पुढे करावा आणि अब्दालीला त्याच्याच घरच्या माणसाकरवी गुंतवून ठेवावे, असा तो विचार आहे.

म्हणजे शत्रूच्या घरातला नाराज पुतण्या हेरायचा, त्याच्या पाठीशी फौज उभी करायची, त्याच्या हक्काच्या नावाने आपले राज्य पुढे सरकवायचे. तेवीस वर्षांच्या दादांना ही युक्ती पुरती ठाऊक होती.

सतरा वर्षांनी, ६ मार्च १७७५ रोजी, दादा सुरतेत इंग्रजांशी तह करत होते. या वेळी घरातला नाराज माणूस ते स्वतः होते, आणि हेरणारी होती मुंबईची कंपनी.

आता मेक्सिको. एर्नान कोर्तेस हा स्पेनचा सरदार १५१९ साली काही शे माणसे, सोळा घोडे आणि मोजक्या तोफा घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. ही गोष्ट आपल्या पुस्तकांत मूठभर गोऱ्यांनी घोडे, पोलाद आणि बारूद यांच्या जोरावर मोठे साम्राज्य जिंकले अशी येते. ती अपुरी आहे. शेवटच्या वेढ्यात स्पॅनिश माणसे हजाराच्या आतबाहेर होती आणि त्यांच्या बाजूने लढणारे स्थानिक योद्धे हजारोंच्या संख्येत होते. त्यांत सर्वात पुढे होते त्लाश्कालाचे लोक.

त्लाश्काला हे डोंगरी राज्य अझ्टेकांच्या सत्तेने चारी बाजूंनी वेढलेले होते. वर्षानुवर्षे त्यांची नाकेबंदी होती. त्यांना मीठ मिळत नसे, कापूस मिळत नसे. अळणी खाऊन दिवस काढलेल्या माणसांचा राग कसा असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. त्यांनीही आधी कोर्तेसशी लढाई केली. या परक्यांना हाताशी धरले तर जुना हिशेब चुकता होईल, हे नंतर त्यांच्या पुढाऱ्यांच्या मनाने घेतले. ३० जून १५२०च्या रात्री स्पॅनिश फौज तेनोच्तित्लानमधून मार खाऊन पळाली तेव्हा कोर्तेसला वाचवले ते त्लाश्कालाने. त्या रात्री त्यांनी दार लावून घेतले असते तर मेक्सिकोचा इतिहास कसा झाला असता, हे सांगता येत नाही. दार उघडले, हे मात्र खरे.

पेरूमध्ये फ्रान्सिस्को पिसारोने हेच केले. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावात त्याने १६८ माणसांनिशी इंकांचा राजा आताहुआल्पा याला पकडले. त्या वेळी आताहुआल्पाने नुकतेच भाऊ हुआस्कारशी यादवी युद्ध जिंकले होते. घर फुटलेले होते आणि देवीच्या साथीने आधीच माणसे मारली होती. पिसारोने आताहुआल्पाला सोडवण्यासाठी सोने घेतले, त्याला मारले, आणि त्याच घराण्यातल्या मान्को नावाच्या तरुणाला गादीवर बसवले. दोन-अडीच वर्षांत मान्कोला कळले की गादी आपली नाही. १५३६ साली त्याने बंड केले. तोवर उशीर झाला होता.

हे चित्र आपल्या किनाऱ्यावरही दिसते. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला, त्याआधी तिमोजी नावाचा आपल्याकडचाच दर्यावर्दी त्याला गोव्याची वाट दाखवायला गेला होता. तिमोजीची स्वतःची गणिते होती. पोर्तुगीज निघून जातील, गोवा आपल्या हाती राहील, असे त्याला वाटले असावे. पोर्तुगीज गेले ते १९६१ साली.

परका विजेता एकट्याच्या बळावर जिंकतो, ही समजूत आपण सोडायला हवी. तो येतो तेव्हा त्याच्या हाती शस्त्रांइतकीच महत्त्वाची एक यादी असते: कोण कुणावर रुसला आहे, कुणाचा हक्क बुडाला आहे, कुणाला मीठ मिळत नाही. त्या यादीत १७७५ साली पहिले नाव आपल्या दादांचे होते.

दादा त्या यादीत कसे आले हे सांगताना मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. पंजाबची मोहीम पराक्रमाची होती. पण तीत दादांनी मुलूख जिंकला, त्याचा बंदोबस्त केला नाही. लाहोरचा सुभा अदिना बेग याला वर्षाला ७५ लाखांच्या खंडणीच्या बोलीवर दिला आणि फौज परतली. त्याच वर्षी, सप्टेंबरात, अदिना बेग मेला. दादा पुण्यात आले ते खजिना घेऊन नव्हे. कर्जाचा आकडा ऐंशी लाखांच्या घरात होता असे इतिहासकार सांगतात. चुलतभाऊ सदाशिवरावभाऊंनी हिशेब विचारला तेव्हा घरात शब्दाला शब्द वाढला. पुढल्या स्वारीवर दादांऐवजी भाऊ गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले ते मी सांगायला नको.

नानासाहेब गेले, त्यांचे चिरंजीव माधवराव पेशवे झाले, आणि काका-पुतण्याचा तो लांबलेला तंटा सुरू झाला. त्यातल्या प्रत्येक चकमकीत मी शिरत नाही. इतके पुरे की १७६३ साली राक्षसभुवनला काका-पुतणे खांद्याला खांदा लावून निजामाशी लढले, आणि १७६८ साली चांदवडजवळच्या धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी काकांना लढाईत पकडून शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. धोडप इथून जवळ. कोपरगावातून मनमाडकडे, तिथून चांदवडकडे गेले की पुढे तो डोंगर दिसतो. बाजीरावाच्या मुलाला त्याच्या पुतण्याने जिथे कैद केले, तो डोंगर आपल्या रोजच्या एसटीच्या वाटेवर आहे.

माधवरावांनंतर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला मारले. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा, जन्म झाला आणि दादांच्या पेशवाईची उरलीसुरली आशाही संपली. मग ते सुरतेला गेले.

त्या तहाची कलमे मी पुन्हापुन्हा वाचली आहेत. कंपनीने दादांना अडीच हजार माणसे द्यायची, त्यांत काही शे गोरे. दादांनी त्यांच्या खर्चासाठी महिना दीड लाख द्यायचे. साष्टी आणि वसई कंपनीला द्यायची. वसई म्हणजे दादांचे सख्खे चुलते चिमाजी अप्पांनी १७३९ साली रक्त सांडून पोर्तुगीजांकडून घेतलेली वसई. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी तहाची वाटही न पाहता डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. आगाऊ भरायला दादांकडे रोकड नव्हती. म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर कंपनीकडे गहाण ठेवले.

त्या गहाण दागिन्यांपाशी मन अडते. आपल्या भागात दागिना गहाण ठेवणे म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. कारखान्याचे पेमेंट लांबले, पोरीचे लग्न तोंडावर आले की घरातली बाई गळ्यातले काढून देते आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाही. पेशव्यांच्या घरातले दागिने परक्या व्यापाऱ्याच्या पेटीत गेले तेव्हा तिथे हजर असलेल्या कारकुनाने त्यांची यादी केली असेल, मोल लावले असेल, सही घेतली असेल. त्लाश्कालाच्या पुढाऱ्यांनीही आपल्या अटी मांडल्या होत्या. स्पेनच्या राजाने त्यांना काही सवलती दिल्याही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्लाश्कालात कापडावर एक लांबलचक चित्र रंगवले गेले, त्यात त्यांचे योद्धे स्पॅनिशांच्या बरोबरीने लढताना दाखवले आहेत. आम्ही जिंकले गेलेले नाही, आम्ही जिंकणारे आहोत, हे राजाला सांगण्यासाठी ते चित्र होते. ज्याला असे चित्र काढून आठवण करून द्यावी लागते, त्याचे करार पातळ होत चालले आहेत हे उघड आहे. पुढच्या काही दशकांत साथींनी त्लाश्कालाचीही माणसे तशीच मेली जशी अझ्टेकांची मेली.

आता कोणी म्हणेल, दादांची आणि कोर्तेसची, दादांची आणि त्लाश्कालाची तुलना कशी? मराठ्यांनी पंजाबात धर्म बदलायला लावले नाही, देवळे-मशिदी पाडून त्यांवर आपली बांधली नाहीत, समुद्रापलीकडून आलेले रोग कुणाला दिले नाहीत. हे सगळे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी दादांना कोर्तेस म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की विजेत्याचे हत्यार त्यांना ठाऊक होते, ते त्यांनी लाहोरात उचलले होते, आणि तेच हत्यार आपल्यावर चालवले जाते आहे हे त्यांना सुरतेत ओळखता आले नाही. की ओळखता आले, पण रागापुढे सुचले नाही? मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. घरातल्या माणसाने केलेला अपमान परक्याच्या अपमानापेक्षा जास्त झोंबतो. माणूस भावाला जमिनीचा एक गुंठा द्यायला तयार नसतो आणि वकिलाच्या फीपायी एकर विकतो. असे निकाल आपल्या तालुक्याच्या कोर्टात आजही लागतात.

कोर्तेस आणि दादा यांच्यात एक साम्य मात्र उरते, आणि ते दोघांच्याही शेवटात आहे. कोर्तेसने राजाला साम्राज्य मिळवून दिले. राजाने कारभार त्याच्या हातातून काढून आपल्या अधिकाऱ्यांकडे दिला. उरलेले आयुष्य तो अर्ज करत, दाद मागत राहिला. २ डिसेंबर १५४७ रोजी सेव्हिलजवळच्या एका गावात वारला. पिसारोला १५४१ साली लिमात त्याच्याच लोकांच्या दुसऱ्या टोळीने भोसकले. माणूस जिंकतो, आणि दफ्तर ते राज्य चालवायला घेते. इंग्रजांकडे ते दफ्तर होते. मुंबईच्या कौन्सिलाने केलेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाने मोडीत काढला, कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. गव्हर्नर बदलत, धोरण बदले, कागद मात्र पुढे चालत राही. आपल्याकडे पेशवा वारला की कारभाराचा धागा तुटे आणि वारसाचा तंटा सुरू होई.

पुरंदरच्या त्या तहात आपल्या गावाचे नाव आहे. दादांनी फौज मोडावी, गोदावरीकाठी कोपरगावी राहावे, खर्चाला महिना २५,००० रुपये घ्यावेत, असे त्यात ठरले. दादांनी ते मानले नाही. मग पुन्हा मुंबई, पुन्हा फौज, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नाचक्की, दादा महादजी शिंद्यांच्या हाती, तिथून निसटून पुन्हा सुरत. सात वर्षे लढाई झाली. गुजरात, कोकण, माळवा होरपळले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. दादांना ठरले महिना २५,००० रुपये. आणि ते राहायला आले कोपरगावला.

या मधल्या काळातली एक घटना सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्लंडच्या दरबारी आपली बाजू मांडायला दादांनी दोन वकील लंडनला पाठवले होते. एक हनुमंतराव नावाचे ब्राह्मण, दुसरे पारशी. १७८१ साली हे दोघे परक्या थंडीत अडचणीत सापडले तेव्हा एडमंड बर्क या खासदाराने त्यांना आपल्या घरी नेले. हनुमंतरावांचे सोवळे मोडू नये म्हणून बर्कने बागेतले काचेचे घर त्यांना स्वयंपाकाला दिले. काचेच्या त्या खोलीत, बाहेर इंग्लंडची धुकट हवा असताना, चूल पेटवून आपला भात शिजवणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. परक्या राजाच्या दरबारी जाणारे हे पहिले नव्हते: १५२८ साली कोर्तेसही त्लाश्कालाच्या काही मानकऱ्यांना बरोबर घेऊन स्पेनच्या दरबारी गेला होता.

कोपरगावकरांना इथे आपल्या बेटाची आठवण व्हायला हवी. नदीच्या बेटावर शुक्राचार्यांचे देऊळ आहे, कचेश्वराचे आहे. देव-दानवांच्या युद्धात दानव मेले की शुक्राचार्य संजीवनी विद्येने त्यांना उठवत. देव हरत चालले. तेव्हा देवांनी शुक्राचार्यांच्या घरी कचाला विद्यार्थी म्हणून पाठवले, आणि कच किती वेळा मारला गेला तरी विद्या घेऊनच परतला. कारखान्याला, शाळा-कॉलेजांना 'संजीवनी' हे नाव देणारे हे गाव आहे. इंग्रजांची संजीवनी कुठे होती? एक सेनापती हरला तरी दुसरा उभा राहतो, एक गव्हर्नर गेला तरी करार चालू राहतो, कर्ज काढले तर व्याजासकट फेडण्याची व्यवस्था असते, हीच ती विद्या. हनुमंतराव त्यांच्या घरापर्यंत गेले होते. पण त्यांना कच म्हणून पाठवले नव्हते. दादांसाठी मदत मागायला पाठवले होते. लंडनहून कुणी कंपनीच्या कारभाराची विद्या घेऊन पुण्याला परतले नाही. १७५८ ते १८१८ या साठ वर्षांत पुणे दरबारची सगळ्यात मोठी चूक कोणती, असे विचारले तर मी पानिपत म्हणणार नाही, हे म्हणेन.

आणखी एका बाबतीत मेक्सिको आणि महाराष्ट्र एकसारखे वागले आहेत. कोर्तेसची दुभाषी मालिंत्सिन, जिला मालिंचे म्हणतात, ही लहानपणी गुलाम म्हणून विकली गेलेली मुलगी होती. १५१९ साली एका पराभूत सरदाराने कोर्तेसला वीस बाया नजराणा म्हणून दिल्या, त्यांत ती होती. तिला नाहुआत्ल आणि माया दोन्ही भाषा येत. पुढे मेक्सिकोत परक्याचे लांगूलचालन करण्याला तिच्या नावावरून शब्द पडला. जिला कुणी विचारून दिले नव्हते, तिच्यावर देश बुडवल्याचा आळ आला, आणि त्लाश्कालाचे सरदार बाजूला राहिले. आपल्याकडे दादांच्या पत्नी आनंदीबाईंचे तेच झाले. 'धरावे'चे 'मारावे' त्यांनी केले, ही कथा नाटकांतून, सिनेमातून, वर्गातून इतकी घट्ट बसली आहे की रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले होते दादांना, हेच मागे पडते. सुरतेच्या तहावर आनंदीबाईंची सही नव्हती. तरी राज्य बुडाले कुणामुळे असे विचारा, उत्तर बाईचे नाव घेऊनच येते. पराभवाचे कारण एका बाईच्या दुष्टपणात सापडले की कारभार, कर्ज, वारसाहक्क, भाऊबंदकी हे काहीच तपासावे लागत नाही. हा आळ मला अन्यायाचा वाटतो आणि त्याहून जास्त, आळशीपणाचा.

आता सगळ्यात जड भाग. इथपर्यंत आपण आपल्याला जिंकले गेलेले समजून बोललो. पण कोपरगावच्या मातीत दुसरी बाजूही पुरलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, होळकरांच्या धामधुमीनंतर आणि मोठ्या दुष्काळानंतर, या भागात भिल्लांची बंडे झाली. राज्यावर तेव्हा दादांचाच मुलगा, दुसरा बाजीराव, होता. जिल्ह्याचे इंग्रजी अमदानीतले गॅझेटियर सांगते की पेशव्यांचा खानदेशचा सुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना विश्वासाने कोपरगावात बोलावून घेतले, घेरले, आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन विहिरींत टाकले. गॅझेटियर आकडा हजारांत देते. नोंद इंग्रजांची आहे, पेशवाई वाईट ठरवण्यात त्यांचा स्वार्थ होता, आकडा फुगलेला असू शकतो, हे मी मान्य करतो. घटना झालीच नाही असे म्हणायला मला आधार सापडत नाही.

ऑक्टोबर १५१९ मध्ये कोर्तेसने चोलुला शहरात नेमके हेच केले होते. गावच्या मान्यवरांना देवळाच्या चौकात बोलावले, दारे बंद केली, आणि बंदुकीचा इशारा झाल्यावर कापाकापी सुरू झाली. आपल्या राजाला पाठवलेल्या पत्रात त्याने स्वतःच दोन तासांत तीन हजारांहून जास्त माणसे मेल्याचे लिहिले आहे. चोलुलाची गोष्ट आज जगभर शिकवली जाते. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने आपल्याच देशबांधवांच्या अत्याचारांचे पुस्तक १५५२ साली छापले. १५५०-५१ साली वायादोलिद शहरात राजाने विद्वानांना बसवून या विजयांचा न्याय-अन्याय ठरवायला सांगितले. विजेत्यांच्या देशात, विजयाच्या ऐन काळात, त्या विजयावर जाहीर वाद झाला. त्याने मेलेले उठले नाहीत, पण वाद झाला. कोपरगावच्या दोन विहिरींवर वाद तर सोडाच, त्यांची आठवणही गावात नाही. मी कुठल्या विहिरी हे विचारत फिरलो आहे. वयस्कर माणसेही डोके हलवून नाही म्हणाली. भिल्ल वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र मला उलट विचारले, "आमचं कोण लिहिणार बाबा?" मला उत्तर देता आले नाही.

डोंगरातल्या माणसाच्या दृष्टीने पुण्याहून आलेली पथके आणि समुद्रापलीकडून आलेली जहाजे यांत फारसा फरक नव्हता. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो. मराठा इतिहासावर माझे प्रेम आहे, म्हणूनच त्रास होतो.

एकीकडे हे सगळे, आणि दुसरीकडे आपले रोजचे जेवण. कोपरगावच्या रस्त्याकडेला पावसाळ्यात भाजली जाणारी मक्याची कणसे, शेतातली टोमॅटोची झाडे, फोडणीतली मिरची, हे सगळे अमेरिकेतून स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांमागून आपल्याकडे आले. ऊस उलट वाटेने गेला: आपल्या पूर्वेकडच्या देशांतून भूमध्य समुद्राकडे, तिथून कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत अमेरिकेत. मेक्सिकोत कुएर्नावाकाजवळ कोर्तेसने स्वतः साखरेचे घाणे उभे केले आणि त्यांवर आफ्रिकेतले गुलाम राबवले. आणि चांदी. १५४५ साली सापडलेल्या पोतोसीच्या डोंगरातली चांदी, तिथल्या लोकांनी वेठीने खोदलेली, युरोपमार्गे सुरतेसारख्या बंदरांत उतरत होती आणि टाकसाळीत रुपया होत होती. भारतात चांदी जवळपास निघतच नव्हती. अदिना बेगचे पंच्याहत्तर लाख, कंपनीचे महिना दीड लाख, दादांचे महिना पंचवीस हजार, हे सगळे ज्या धातूत मोजले गेले त्यात पोतोसीच्या त्या डोंगराचाही वाटा होता. जग तेव्हाच एक झाले होते.

माझी विनंती कोपरगावच्या नगरपालिकेला, इथल्या शाळांना आणि वाड्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना आहे. वाड्याशी एक फलक लावा. त्यावर लाहोर, एप्रिल १७५८ लिहा, तो पराक्रम खरा आहे. त्याखाली सुरत, ६ मार्च १७७५ लिहा, आणि तहाची कलमे लिहा, गहाण दागिन्यांसकट. त्याखाली पुरंदर, १ मार्च १७७६ लिहा: महिना २५,००० रुपये आणि कोपरगाव, दादांनी नाकारले. त्याखाली सालबाई, १७ मे १७८२: महिना २५,००० रुपये, दादांनी घेतले. आणि शेवटच्या ओळीत त्या दोन विहिरींची नोंद करा, गॅझेटियरचा हवाला देऊन. विहिरी कुठे होत्या हे ठाऊक असलेला कुणी गावात असेल, तर त्याने कृपा करून पुढे यावे.